सतरा नंबरची सेटिंग

बान ग्यु-सिकला एक वाईट खोड होती. चालती गोष्ट त्याला नुसती बघवत नसे. भाताचा कुकर बरा चालला होता, तो त्याने उघडून पाहिला. पुढे आठवडाभर घरात शेवया. बायकोच्या गाडीचा आरसा जरासा थरथरायचा म्हणून आवळला, तर आरसाच हातात आला. "चालत्या गाडीला खीळ घालायची असली की आमच्या सोल-हाच्या अप्पांना बोलवा," असं त्याची बायको शेजारणींना सांगायची. तिच्या बोलण्यात राग नसायचा, नुसती माहिती असायची.

आता अशा माणसाने फुलांचं दुकान काढावं की नाही? याने बसची ड्रायव्हरी सोडली आणि काढलं पीसी-बांग. तळ्याकाठच्या चुंचॉन शहरात, युनिव्हर्सिटीच्या मागच्या फाटकासमोर, कोंबडी परतून देणाऱ्या खानावळीच्या वरच्या मजल्यावर साठ कॉम्प्युटर, साठ ऐसपैस खुर्च्या आणि गल्ल्यामागे राम्यॉनच्या शेवया उकळायची शेगडी. पोरं तासाच्या दराने बसायची, खेळायची, खायची, पुन्हा खेळायची. दुकान झकास चालत होतं. खरं सांगायचं तर ते बानमुळे चालत नव्हतं, बान असूनही चालत होतं, आणि ती करामत मेंगबाईची होती.

मेंग बो-र्योंग ही चाळिशीची, बुटकी, तोंडाने फटकळ बाई. शहरातल्या निम्म्या पीसी-बांगांतल्या मशीनांची नाडी तिच्या हातात. आपल्याला काम येतं हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि ते ती कुणापासून लपवत नसे. "माझ्याइतकं हे कुणाला जमत नाही, म्हणून तर मी महाग," असं ती पहिल्याच भेटीत बानला म्हणाली होती, आणि बानने तिथल्या तिथे तिला काम दिलं होतं. बढाई मारणारी माणसं त्याला आवडत नसत, पण ही बढाई नव्हती, दरपत्रक होतं.

दुकानातल्या साठातल्या एकाही मशीनच्या पोटात डिस्क नव्हती. आतल्या खोलीत एक थोरलं मशीन होतं. बटण दाबलं की साठही मशीनं त्याच्याकडून धडा घेऊन जागी व्हायची आणि बंद केली की शिकलेलं सगळं विसरायची. दिवसभरात कुणी पोराने काहीही भरून ठेवलं तरी पुन्हा सुरू केलं की पाटी कोरी. म्हणून व्हायरसची भीती नाही, सफाईची कटकट नाही. पण याचाच अर्थ असा, की थोरल्यात एक गोष्ट बदलली की ती साठ ठिकाणी बदलते.

"मालक, ही सामाईक विहीर आहे," मेंगबाईने बजावलं होतं. "एकाने रंग टाकला की अख्ख्या गावाची कापडं रंगणार. विहिरीत डोकवायचं असेल तर मला फोन करायचा. आणि फोन केलात की मी सांगेन, डोकावू नका."

तिचं खरं कसब मात्र याच्याही पलीकडचं होतं. पडद्यावर जे दिसतं ते कुणालाही सांभाळता येतं. मेंगबाई सांभाळायची ती मागची मंडळी, म्हणजे जे प्रोग्रॅम दिसत नाहीत आणि तरी सतत चालू असतात. खेळ सुरू केला की त्याच्याबरोबर एक पहारेकरी चोरपावलांनी येतो, कुणी लबाडी करतंय का बघायला. बँकेच्या साईटवर गेलं की दुसरा पहारेकरी येतो, आपली बोटं कुठल्या बटणांवर पडतायत ते चोराला कळू नये म्हणून. दोघांनाही कीबोर्ड आपल्याच ताब्यात हवा. दोघं समोरासमोर आले की एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा. एक सोडत नाही, दुसरी ऐकत नाही, आणि कीबोर्ड बसतो मुका.

शहरातली बाकीची दुकानं यावर उपाय म्हणून एकाला हाकलून द्यायची. मेंगबाईने दोघांच्या वेळा वाटून दिल्या. बोटं लपवणारा झोपून राहील, साईटची हाक आली तरच उठेल, आणि तो उठला की खेळवाला बाजूला सरकेल. हे ती करत होती तेव्हा बान तिच्या खुर्चीमागे उभा होता. तिने एकदाही पडद्यावर बोट ठेवून वाचलं नाही, एकदाही मागे फिरली नाही. बानने बस चालवलेली होती. वळणावर ज्याचा हात आधी वळतो आणि डोळा नंतर, तो ड्रायव्हर त्याला ओळखता यायचा. ही बाई तसली होती, आणि तिच्याकडे बघताना त्याची छाती उगाचच भरून आली.

या खेपेला ती खास नोंदणीच्या दिवसासाठी आली होती. फेब्रुवारीत विषय नोंदवायचा दिवस आला की अख्खी युनिव्हर्सिटी पीसी-बांगात उतरते. घरच्या इंटरनेटवर कोण विश्वास टाकणार? दहाला नोंदणी उघडते आणि बऱ्या विषयांच्या जागा डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतात. यंदा युनिव्हर्सिटीने साईट नवी केली होती, आणि तिलाही तो बोटं लपवणारा पहारेकरी लागत होता. मेंगबाईने तो थोरल्यात घालून दिला, तपासला, बॅग उचलली.

"नोंदणी होईस्तोवर कशाला हात लावायचा नाही," ती दारात म्हणाली.

"छे, मी कशाला लावतोय?"

"मालक, तुमची बायको मला लिफ्टमध्ये भेटली होती," मेंगबाई म्हणाली आणि गेली.

आता यंदाच्या नोंदणीत बानचाही जीव अडकला होता. त्याची एकुलती एक लेक सोल-हा त्याच युनिव्हर्सिटीत इंजिनियर होत होती, पूल बांधणाऱ्यांतली. शेवटचं सत्र उरलेलं. एक प्रयोगशाळेचा विषय राहिला होता, जो घेतल्याशिवाय पदवी नाही, आणि जागा एका छोट्या खोलीत मावतील तेवढ्याच. मागल्या वर्षी तिला तो मिळाला नव्हता. यंदाही हुकला तर वर्ष गेलं, आणि उल्सानच्या कंपनीने तिच्यासाठी धरून ठेवलेली नोकरीही गेली. तिथल्या बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, की पदवी हातात नसेल तर आमचा नाइलाज आहे.

"नोंदणीला मी दुकानावर येतेय," सोल-हा जेवताना म्हणाली होती. "माझी मैत्रीण ना-ग्योंग पण येईल. सगळेच येतायत. तुझी लाईन सगळ्यांत फास्ट आहे म्हणतात."

"म्हणणारच," बान म्हणाला.

"फक्त अप्पा, ते..."

"तू मला मालक म्हणणार. ठाऊक आहे मला."

सोल-हाने मान खाली घालून मुळ्याचं लोणचं चावलं. पहिल्या वर्षी कुणीतरी वर्गात म्हणालं होतं, की पीसी-बांगवाल्यांची पोरं अभ्यास कधी करत असतील, बाप दुसऱ्यांची पोरं बिघडवतो आणि घरी फुकटात बिघडतात. सगळे हसले. सोल-हाही हसली. एकदा हसून बसल्यावर मग सांगायचं कसं, आणि न सांगता तीन वर्षं गेली. घरी ती बापाच्या ताटातली कोंबडी पळवायची, दुकानात त्याला "मालक, एक कॉफी" म्हणायची. बानला ते लागायचं. तो ते कुणाला सांगायचा नाही, बायकोलाही नाही, पण लागायचं खूप.

म्हणूनच आदल्या दुपारी त्याचे हात शिवशिवायला लागले.

दुकान रिकामं होतं. बान गल्ल्याशी बसून मालकांच्या गटावरचे मेसेज वाचत होता, आणि तिथे कुणीतरी लिहिलं होतं: नोंदणीच्या दिवशी मागचे फालतू प्रोग्रॅम सगळे बंद करा, मशीन उडायला लागेल. झालं. बानला मेंगबाई आठवली, विहीर आठवली, लिफ्टही आठवली. पण त्याहून जास्त आठवली ती लेक. एवढ्या वर्षांत त्या पोरीला या दुकानाचा कधी उपयोग झाला नव्हता. झाला तो संकोच. एकदा, फक्त एकदा, बापाच्या दुकानाने तिचं काम करावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्याने थोरलं उघडलं. मागच्या मंडळींची यादी आली. नावं सगळी आखूड, अक्षरं आणि आकडे, एकाचाही चेहरा दिसेना. जो ओळखीचा नाही तो फालतू, असा हिशेब करून त्याने पाच-सहांना बांधून टाकलं. मग त्याचं समाधान होईना. सतरा नंबरची खुर्ची खिडकीजवळची, तिथे ऊन येतं, तिथे तो सोल-हाला बसवणार होता. त्याने सतराला साठातून वेगळं काढलं, त्याची स्वतःची सेटिंग केली, आणि तिथे तर जवळजवळ सगळ्यांनाच रजा दिली. सतरा सुरू करून पाहिलं. पडदा झटकन आला. बान खूश. संध्याकाळी घरी जाताना तो जिन्यात शीळ घालत होता, आणि त्याच्या बायकोने ते ऐकलं असतं तर तिला तिथेच धडकी भरली असती.

सकाळी नऊलाच दुकान भरलं. लांबलचक पॅडिंगचे कोट खुर्च्यांच्या पाठीवर, युझू लिंबांच्या गरम चहाचे कप, आणि जागा न मिळालेली दहा-बारा पोरं भिंतीला टेकून. सोल-हा आली, सोबत ना-ग्योंग.

"तुम्ही सतरावर बसा," बान तोंड निर्विकार ठेवून म्हणाला. "ती खुर्ची मऊ आहे."

"आणि मी, मालक? मी काय दगडावर बसू?" ना-ग्योंग म्हणाली.

"तुम्ही अठरावर. तीही बरी आहे."

"बघ गं, पहिल्या नजरेतलं प्रेम दिसतंय," ना-ग्योंगने सोल-हाला कोपराने ढोसलं. सोल-हाने बापाकडे असा एक कटाक्ष टाकला की बान मुकाट गल्ल्यामागे गेला.

साडेनऊच्या सुमाराला पहिली हाक आली, नऊ नंबरवरून. मग बावीसवरून. मग चहूकडून. साईटवर नाव टाकायला गेलं की एक खिडकी उघडायची: सुरक्षेचा प्रोग्रॅम चालू नाही, तो भरा आणि मशीन पुन्हा सुरू करा. पोरं भरायची, पुन्हा सुरू करायची. पुन्हा सुरू केलं की पाटी कोरी, भरलेलं गायब, आणि साईट पुन्हा तेच म्हणायची. घाण्याच्या बैलासारखी सगळी गोल फिरायला लागली.

"मालक, हे काय चाललंय?"

"मालक, तीनदा सुरू केलं मी."

"अहो, दहाला नोंदणी उघडणार आहे, दहाला."

बानला घाम फुटला. बाहेर तळं गोठलं होतं आणि याच्या बनियनला पाणी सुटलं होतं. त्याने फोन लावला आणि आवाज मोठा करून गल्ल्यावर ठेवला.

"मेंगबाई, साईट घेत नाही. कुणालाच घेत नाही."

पलीकडे गाड्यांचा आवाज होता. ती हमरस्त्यावरच्या थांब्यावर होती, तोंडात बर्गरचा घास होता. "मी तपासून गेलेय," ती म्हणाली. "थांबा, लॅपटॉप उघडते." आणि बानच्या डोळ्यांसमोर गल्ल्यावरच्या पडद्यातला बाण आपला आपण हलायला लागला. वर गेला, एक यादी उघडली, खाली आला, थांबला.

"मालक, काल आत कोण गेलं होतं?"

बानने गल्ल्यावरची बिलं सरळ केली.

"मांजर होतं का?"

"मी होतो," बान म्हणाला. "मला वाटलं फालतू आहेत."

त्याला वाटलं, आता ही बाई सात पिढ्यांचा उद्धार करणार. मेंगबाईने नुसता घोट गिळला. "शिव्या नंतर देते, तोवर त्यांना आणखी धार येईल. ऐका. थोरल्यात आता हात घालता येत नाही, साठही त्याच्यावर बसलेत. तुमच्या त्या पोरांना आधी सांगा, पुन्हा सुरू करणं बंद करा. साईट म्हणते म्हणून करायचं नसतं. प्रोग्रॅम प्रत्येकाच्या मशीनमध्ये आहे, तुम्ही त्याला नुसता बांधून ठेवलाय. दावं सोडलं की झालं."

बानने आवाज चढवला. बसमधला जुना आवाज होता तो, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "कुणीही मशीन बंद करायचं नाही. जागेवर बसा. आमच्या मेंगबाई बघतायत."

आणि मग त्याने जे पाहिलं ते तो पुढे कितीतरी दिवस खानावळवाल्याला सांगत राहिला. बाण धावत होता असं नाही. बाण मुळीच धावत नव्हता. एक काळी खिडकी उघडली, तिच्यात तिने एक ओळ लिहिली, ती एकट्या नऊ नंबरला पाठवली. "नऊवाल्याला विचारा." नऊवाला ओरडला, आत गेलो. मग तिने ती ओळ थोडी बदलली. साठांना एकदम नाही, दहा-दहांना, म्हणजे थोरल्याला दम लागणार नाही. गल्ल्याच्या पडद्यावर दुकानाचा नकाशा होता, त्यावरचे चौकोन ओळीने हिरवे होत गेले, आणि त्याबरोबर दुकानातही ओळीओळीने सुस्कारे सुटत गेले. तेही करताना तिने वाटेत एक गोष्ट पाहिली: कोपऱ्यातली दोन पोरं खेळ उघडून बसली होती. त्यांचा तो खेळवाला पहारेकरी तिने आधी खाली बसवला आणि मग बोटं लपवणाऱ्याला उठवलं, नाहीतर त्या दोघांचे कीबोर्ड मुके झाले असते. कुणाला पत्ताही लागला नाही. बाहेर बर्गर खात बसलेली एक बाई साठ घरांत शिरून एकेकाला हळूच उठवत होती आणि कुणाची झोपमोड होत नव्हती. काय म्हणायचं याला? बानच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते घाबरल्यामुळे आलं नव्हतं.

"झाले," मेंगबाई म्हणाली. मग म्हणाली, "मालक, सतरा काळा का दिसतोय?"

बानने नकाशाकडे पाहिलं. हिरव्या चौकोनांत एक काळा.

"सतराला मी हाक मारतेय आणि तो ओ देत नाही. तुम्ही त्याला वेगळं काढलंय. आणि ज्याच्यातून माझी हाक त्याला ऐकू जाते तोही तिथे बंद केलाय. कानच कापलेत त्याचे. का?"

"तिथे..." बानने खिडकीकडे पाहिलं. "तिथे एकजण बसणार होती. मला वाटलं, तिचं सगळ्यांपेक्षा फास्ट असावं."

मेंगबाई हळू आवाजात म्हणाली, "सामाईकातून बाहेर काढलंत म्हणून तर राहिली ती. सगळ्यांत असती तर सगळ्यांबरोबर आत गेली असती."

सोल-हा खिडकीपाशी उभी होती. तिने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. सगळ्या दुकानानेच ऐकलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मशीन पुन्हा सुरू करून, जागं करून, आत शिरेपर्यंत दहा उलटून जाणार हे तिलाही कळत होतं. भिंतीला टेकलेली पोरं तशीच उभी होती, एक खुर्ची रिकामी नव्हती. आणि या सगळ्यात आपल्या बापाने आपल्यासाठीच काहीतरी केलं आणि त्यानेच आपलं वाटोळं झालं, हेही तिला कळलं होतं. ती रडत नव्हती. ती नुसती बघत होती, आणि बानला वाटलं, त्यापेक्षा रडली असती तर बरं.

"मेंगबाई, काहीतरी करा," तो म्हणाला. "माझं दुकान गेलं तरी चालेल."

"दुकान कशाला जातंय? डोकं ठिकाणावर आणा. तुम्ही रोज बँकेचं काम कुठे करता?"

"इथे. गल्ल्यावर."

"त्याला स्वतःची डिस्क आहे. पहारेकरी आहे, चालू आहे, तुम्ही काल त्याला हात लावलेला नाही, देवाची कृपा. तुमच्या दुकानात नोंदणीला सगळ्यांत तयार मशीन तुमच्या पोटाखाली आहे. मी माझा हात काढते. बसवा तिला."

बानने मान वर केली. गल्ला दुकानाच्या मधोमध, उंच चौथऱ्यावर. वर पिवळा दिवा, मागे शेगडी, समोर मालकाची झिजलेली खुर्ची आणि खुर्चीवर लोकरीचं आसन, सोल-हाच्या आईने विणलेलं. तिथे बसलेला माणूस साठही खुर्च्यांवरून दिसतो. तिच्या वर्गातली सगळी पोरं तिथे होती. त्याने तिला हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होता?

सोल-हाच आली. खुर्च्यांच्या मधून, कोटांवर पाय न देता, सरळ. चौथरा चढली, आसन पाठीमागे सरकवलं, बसली. "सरक जरा," ती बापाला म्हणाली.

तिने नाव टाकलं, परवलीचा शब्द टाकला. साईटने घेतलं. दहाला मिनिटभर उरलं होतं, आणि तेवढ्यात टिंग-टाँग करून पडद्यावर मधोमध एक पाटी उघडली: एकतीस नंबर, भाजलेल्या डंपलिंग एक प्लेट. सोल-हाने ती मिटली. दुसरी उघडली: आठ नंबर, बर्फ घातलेली कॉफी. जीव भांड्यात पडल्यावर पोरांना भुका लागल्या होत्या.

"अप्पा, हे येत राहिलं तर माझं बटणच झाकलं जाईल."

"मेंगबाई..."

"मी हात काढलाय," फोन म्हणाला. "पुन्हा शिरले तर तिचा माऊस अडखळेल. तुम्हीच करा. आणि मालक, या वेळी नावं वाचा."

बान लेकीच्या खांद्यावरून वाकला. तिने माऊसवरचा हात बाजूला घेतला, त्याने ठेवला. मागच्या मंडळींची यादी. काल याच नावांवरून तो खाटकासारखा गेला होता. आता त्याने एकेक वाचलं. हा बँकेचा, याला राहू दे. हा घड्याळ सांभाळणारा, राहू दे. हा नकाशावाला, हा पैसे मोजणारा. हा नवा कोण? ठाऊक नाही, म्हणजे याला तर मुळीच हात नको. हा. ऑर्डर सांगणारा. त्याने त्या एकालाच थांबवलं, बाकी कुणाला धक्का लावला नाही, आणि हात काढून घेतला. फोनमधून नुसतं "हं" आलं. मेंगबाईच्या तोंडून त्याला मिळालेली ती पहिली शाबासकी.

दुकान शांत झालं. मग दहा वाजले आणि साठ माऊस एकदम वाजले.

कुणी ओरडलं, कुणी डोकं टेबलावर टेकलं. सोल-हाचा पडदा पांढराच राहिला, एक चक्र फिरत होतं. बान त्या चक्राकडे बघत नव्हता, तो तिच्या कानामागच्या केसांकडे बघत होता. लहानपणी तो ते विंचरायचा आणि भांग कधी सरळ यायचा नाही. मग तिचे खांदे खाली आले.

"मिळाला," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि तिने कपाळ बापाच्या दंडावर टेकवलं, साठ खुर्च्यांसमोर.

अठरावरून ना-ग्योंग धावत आली. तिलाही तिचं मिळालं होतं, ती चौथऱ्यावर चढून सोल-हाच्या गळ्यात पडली, आणि तिथून तिची नजर पडद्यावर गेली. दुकानाचा नकाशा परत वर आला होता. बाकीच्या चौकोनांवर नुसते आकडे होते. सतराचा काळा चौकोन मात्र वेगळा होता. वेगळी सेटिंग साठवताना मशीन नाव विचारतं, आणि बानने काल तिथे दोन शब्द लिहिले होते.

"आमची लेक," ना-ग्योंगने वाचलं. मग बानकडे पाहिलं, मग सतराच्या रिकाम्या खुर्चीकडे. "मालकांची लेक? सतरावर तर तू बसली होतीस."

बानने घाईने शेगडी पेटवली. त्याला दुसरं काही सुचलं नाही. त्याने पाणी ठेवलं, पाण्यात शेवया टाकल्या, पाणी अजून गार होतं.

"मीच बसले होते," सोल-हा म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या ओळींना ऐकू गेला. "माझ्या अप्पांचं दुकान आहे हे. पहिल्या वर्षापासून. मी सांगितलं नव्हतं."

ना-ग्योंगचं तोंड उघडंच राहिलं. "तीन वर्षं मी इथे पुरे पैसे देऊन बसतेय," ती म्हणाली. "बये, तू मेलीस आता."

गल्ल्यावरचा फोन अजून चालूच होता. मेंगबाईने घसा साफ केला. "मालक, आज सगळे उठून गेले की मी सतराला परत सगळ्यांत घालते. चालेल ना?"

बान शेवया ढवळत राहिला. शेवटी सोल-हानेच फोन जवळ ओढला.

"घाला, मेंगबाई," ती म्हणाली. "नाव तेवढं राहू द्या."

"सामाईकात नाव राहत नसतं, पोरी," मेंगबाई म्हणाली. मग म्हणाली, "पण मला जमतं ते."